स्वभावाला औषध नाही म्हणे!

तीन-चार वीकेंड इथे काहीच लिहिलं नाही. दोघा-तिघांनी 'काय बे, झोपला का?' अशी प्रेमळ चौकशीही केली. झोपलो नव्हतो. एक विषय डोक्यात घोळत होता आणि तो लिहावा की नाही हे ठरत नव्हतं. आज सकाळी शेवटी चहाचा मोठा कप घेऊन बसलोच. विषय जड आहे, म्हणून आधीच सांगतो. यात न खाण्याबद्दल आणि स्वतःला इजा करून घेण्याबद्दल लिहिलंय. ज्यांना आज हे वाचायचं नसेल त्यांनी खुशाल पुढच्या शनिवारी यावं, तेव्हा नेहमीचं हलकंफुलकं असेल.

तर, सुरुवात ऑफिसातून करतो. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये एक जुनं मॉड्यूल होतं. अधूनमधून वेड्यासारखं वागायचं. कधी चुकीचं उत्तर, कधी मध्येच बंद, कधी स्वतःच लिहिलेली फाइल स्वतःच खराब करून ठेवायचं. टीममध्ये सगळ्यांचं एकमत, "ते मॉड्यूलच तसं आहे!" नवीन पोरगा आला की त्यालाही पहिल्या दिवशी हेच ज्ञान. दोन वर्षं कोणी लॉग उघडून पाहिला नाही. मग टीममध्ये नवी आलेली एक मुलगी तो उघडून बसली. तर त्या सर्व्हरवर मेमरीच पुरत नव्हती! मेमरी वाढवल्यावर बहुतेक तक्रारी बंद झाल्या. सगळ्या नाही हं. दोन खरे बग त्यात होतेच. पण ते दिसले मेमरी पुरेशी मिळाल्यावरच. त्याआधी खरा बग कुठला आणि उपासमारीचा परिणाम कुठला हे कोणालाच सांगता आलं नसतं.

माणूस म्हणजे मॉड्यूल नव्हे, हे मलाही कळतं. पण गेल्या दीड वर्षात आमच्या घरात जे झालं ते समजून घ्यायला मला याहून बरं उदाहरण सापडलेलं नाही.

माझी एक मावसबहीण आहे. (हे सगळं तिला विचारून लिहितोय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.) इथेच नागपुरात मावशीकडे राहून इंजिनिअरिंग करते. लहानपणापासून पहिली. वहीच्या पानावर खाडाखोड झाली तर अख्खं पान फाडून पुन्हा लिहिणारी. घरात तिच्याबद्दल दोन वाक्यं ठरलेली होती. पाहुण्यांसमोर, "आमची पोरगी फार शिस्तीची!" आणि पाहुणे गेल्यावर, "फार हट्टी आहे, स्वभावच तसा."

दुसऱ्या वर्षाला तिचं खाणं कमी झालं. आधी भात सुटला, मग गोड, मग रात्रीचं जेवण. आपल्याकडे हे लपवायला किती सोपं आहे पहा. सोमवार आहे, चतुर्थी आहे, एकादशी आहे, आज पित्त झालंय. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणून आपण उपास करणाऱ्याला हसतो, पण खरोखरच काही न खाणाऱ्या मुलीचं मात्र आपल्याला कौतुक! मावशीला शेजारणींनी विचारलं, "कशी बारीक झाली हो, काय करून राहिली?" मावशीला तेव्हा बरंच वाटलं होतं, हे तिने नंतर रडत सांगितलं. शेवटी मावशी तिला घेऊन गेली ती पोटाच्या डॉक्टरकडे. एंडोस्कोपी झाली, सगळं नॉर्मल. आम्ही सुटकेचा श्वास टाकला.

मग मे महिना आला. नागपूरचा मे महिना! पारा ४५ च्या आसपास. रस्त्यावर प्रत्येक मुलगी डोक्यापासून कोपरापर्यंत स्टोल, सनकोट, हातमोजे यांत गुंडाळलेली, त्यामुळे पूर्ण बाह्यांचं इथे कोणाला नवल नाही. पण ही घरात, कूलरसमोर बसूनही बाह्या वर करत नव्हती. एका दुपारी मावशीच्या हातून तिच्या अंगावर ताक सांडलं, मावशीने पुसायला बाही सरकवली आणि... असो. त्याचं वर्णन करणार नाही. एवढंच सांगतो, की जुन्या-नव्या खुणा होत्या आणि त्या तिने स्वतः केलेल्या होत्या.

मावशीचा फोन आला तेव्हा मी काय म्हणालो असेन? मी, इंजिनिअर, घरातला शिकलेला मोठा भाऊ! मी म्हणालो, "मावशी, टेन्शन नको घेऊ. तिचा स्वभावच टोकाचा आहे. लक्ष वेधून घ्यायला करून राहिली असेल."

मंडळी, हा लेख त्या वाक्याबद्दल आहे.

आपल्याकडे म्हण आहे, स्वभावाला औषध नाही. दिसायला ही म्हण शहाणपणाची, कामाला मात्र हात झटकायची. एखाद्या गोष्टीला 'स्वभाव' म्हटलं की फाइल बंद. मग कारण शोधायला नको, डॉक्टर नको, आपलं काही चुकलं का ते पाहायला नको. मला या म्हणीचा राग आहे आणि तो का आहे हे सांगायला तुम्हाला थोडं १९४४ सालात नेतो.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात उपाशी माणसं हजारोंनी होती आणि त्यांना पुन्हा खायला कसं घालायचं याची शास्त्रीय माहिती हवी होती. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. हे सगळे युद्धावर जायला तत्त्वापोटी नकार दिलेले, स्वेच्छेने पुढे आलेले आणि मुख्य म्हणजे शरीराने अन् मनाने ठणठणीत म्हणून पारखून घेतलेले. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण पाव हिश्शाने उतरेपर्यंत.

शरीर वाळलं, हे तर होणारच. पण बदलली ती माणसं! हसरे, मनमिळाऊ पोरगे चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. दिवसभर डोक्यात अन्न. पाककृतींची पुस्तकं गोळा करणं, ताटातल्या घासाचे तुकडे करत तासभर बसणं, चोरून खाणं आणि मग स्वतःची लाज वाटणं. काही जण खोल उदासीत गेले. आणि त्यातल्या एकाने स्वतःच्या हाताला गंभीर इजा केली. मुद्दाम केलं की चुकून झालं, हे त्याचं त्यालाही धड सांगता आलं नाही. हे सगळं १९५० साली दोन खंडांत छापून आलेलं आहे.

आता विचार करा. या ३६ जणांना त्या अवस्थेत कोणी पहिल्यांदा भेटला असता तर काय म्हणाला असता? 'घुमा आहे, खाण्याच्या बाबतीत विक्षिप्त आहे, भावनांवर ताबा नाही, स्वभावच तसा.' पण तो त्यांचा स्वभाव नव्हता. ती भूक होती. पोटभर मिळायला लागल्यावरही पूर्ववत व्हायला काहींना कित्येक महिने लागले.

याचा अर्थ स्वभाव असं काही नसतंच, असा आहे का? अजिबात नाही. इथे मला दुसऱ्या बाजूलाही न्याय द्यायला हवा, नाहीतर हा लेख म्हणजे नुसता भावनांचा फोडणीचा भात होईल. खाण्याचे विकार, म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया आणि बुलिमिया, यांचा स्वभावाशी संबंध आहे आणि तो चांगला अभ्यासलेला आहे. अ‍ॅनोरेक्सिया होणाऱ्या अनेक मुलींमध्ये परिपूर्णतेचा हट्ट, नियम मोडण्याची भीती, चूक झाली की स्वतःला धारेवर धरणं हे लहानपणापासून, आजाराच्या आधीपासून दिसतं. (वहीचं फाडलेलं पान आठवलं?) बुलिमियात, जिथे भसाभस खाणं आणि मग ते शरीराबाहेर काढायची धडपड असते, तिथे उतावळेपणा आणि भावनांची तीव्र भरती-ओहोटी जास्त आढळते.

ड्रू वेस्टन आणि जेनिफर हार्नडेन-फिशर या दोघांनी २००१ साली एक महत्त्वाची गोष्ट मांडली. त्यांचं म्हणणं, आजाराच्या नावापेक्षा माणसाच्या घडणीकडे पहा. खाण्याचे विकार असलेल्यांत त्यांना तीन गट दिसले: बाहेरून यशस्वी पण स्वतःशी कठोर असणारे, भावना घट्ट दाबून ठेवणारे आणि भावना अनावर होणारे. लक्षणं सारखी, माणसं वेगळी, म्हणून उपचारातही फरक.

स्वतःला इजा करण्याचंही तसंच. २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा सांगतो की खाण्याचे विकार असलेल्यांपैकी साधारण २७ टक्के जणांनी आयुष्यात कधीतरी मरण्याचा हेतू नसताना स्वतःला इजा केलेली असते. म्हणजे चारात एक! अ‍ॅनोरेक्सियात हे प्रमाण साधारण २२ टक्के, बुलिमियात ३३ च्या जवळपास. म्हणजे दोन्ही एकत्र दिसणं हा काही दुर्मीळ योगायोग नाही. इटलीतल्या पादुआच्या संशोधकांनी १९९०च्या दशकातच दाखवलं होतं की या वागण्याचे निदान दोन प्रकार पडतात. एक भावनेच्या उसळीत होणारा आणि दुसरा सवयीसारखा, मुकाट, पुन्हा पुन्हा होणारा. पहिल्यात असह्य ताण क्षणभर उतरतो. दुसऱ्यात कधी कधी स्वतःला शिक्षा देण्याचा हिशोब असतो. ठरवलेल्यापेक्षा जास्त खाल्लं, मार्क कमी पडले, भर दंड!

आमच्याकडे हेच होतं. बहिणीने नंतर सांगितलं, "दादा, मला कोणाचं लक्ष नको होतं. लक्ष हवं असतं तर मी ४५ डिग्रीत बाह्या खाली ठेवल्या असत्या का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

'लक्ष वेधण्यासाठी' हा शेरा मारणारा मी काही पहिला नाही. ब्रिटनची राजकन्या डायना १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये बीबीसीवर उघडपणे बोलली होती. बुलिमियाबद्दलही आणि स्वतःला इजा करण्याबद्दलही. दोन्ही गोष्टी एकाच मुलाखतीत, एकाच आयुष्यातल्या. आणि आजूबाजूच्या लोकांनी ते कसं वाचलं, तर ही बाई अस्थिर आहे, असं. तिने स्वतःच त्याच मुलाखतीत ही तक्रार केली होती. राजवाडा असो की प्रतापनगरातला फ्लॅट, शेरा तोच.

बरं, हा शेरा फक्त आपल्यासारखे अडाणी मारतात असंही नाही. वैद्यकातही 'व्यक्तिमत्त्वाचा विकार' हे लेबल कधी कधी लवकर चिकटतं आणि मग माणूस मागे पडून लेबलच पुढे चालतं. म्हणून आम्हाला शेवटी जे डॉक्टर भेटले त्यांचं एक वाक्य मी विसरणार नाही. मावशीने पहिल्याच भेटीत विचारलं, "डॉक्टर, तिचा स्वभाव बदलेल का हो?" ते म्हणाले, "ताई, उपाशी माणसाचा स्वभाव मी मोजत नाही. आधी पोरीला जेवू द्या. मग जो उरेल त्याच्याशी बोलू."

मेमरी वाढवा, मग बग शोधा! माझ्या डोक्यात त्या क्षणी लख्ख प्रकाश पडला, आणि त्याच क्षणी लाजही वाटली. मॉड्यूलला जो न्याय मिळाला तो मी बहिणीला दिला नव्हता.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं. स्वभाव खरा असतो, पण तो निकाल नसतो. तो नकाशा असतो. शिस्तीच्या, स्वतःला छळणाऱ्या पोरीला 'जरा मनावर ताबा ठेव' सांगणं म्हणजे आगीत तेल, कारण तिच्याकडे ताबा गरजेपेक्षा जास्त आहे. भावना अनावर होणाऱ्या पोरीला 'काही होत नाही, सोडून दे' म्हणणंही तितकंच निरुपयोगी, कारण तिला लाट ओसरेपर्यंत तगून राहण्याची कौशल्यं शिकायची आहेत. आणि ती शिकता येतात. अमेरिकेतल्या मार्शा लिनेहन यांनी अशाच लोकांसाठी एक उपचारपद्धत बसवली, डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी. त्यावरचं त्यांचं मुख्य पुस्तक १९९३ चं. आणि २०११ साली त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः अशाच रुग्ण होत्या, स्वतःला इजा करणाऱ्या, 'हिचं काही खरं नाही' गटातल्या. स्वभावाला औषध नाही म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. तिथे तर रुग्णानेच औषध शोधलं!

यावर दोन आक्षेप मला ओळखीच्यांकडून ऐकायला मिळाले.

पहिला: "ही सगळी पाश्चात्त्य फॅडं, आपल्याकडे कुठे असतं?" असतं. फक्त वेगळ्या कपड्यात येतं. १९९५ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी पाच तरुणींवर एक लेख प्रसिद्ध केला होता. खाणं बंद, उलट्या, वजन ढासळलेलं, पाळी थांबलेली. पण 'मी जाडी आहे' ही पुस्तकात लिहिलेली भीती त्यांच्यात ठळक नव्हती. आमच्याकडेही ती 'मी जाडी आहे' असं कधी म्हणाली नाही. "पित्त झालंय" म्हणायची. आपण पुस्तकातलं लक्षण शोधत बसतो आणि समोरचं ताट तसंच उचललं जातं. त्यात स्थळ पाहताना 'गोरी, सडपातळ' या शब्दांशिवाय आपली जाहिरात पूर्ण होत नाही. (तेव्हा फॅड नक्की कुणाचं, हेही पहा.)

दुसरा आक्षेप: "डॉक्टरकडे नेलं तर पोलीस केस होईल, लग्न कसं जमेल?" लग्नाचं मी काय सांगू, माझंच जमायचंय. :) पण कायद्याचं सांगतो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्तीसुद्धा तीव्र ताणाखाली होती असं तो गृहीत धरतो आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. इथे तर मरण्याचा हेतूही नव्हता. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या आयटीवाल्यांना आवडेल. शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजारालाही द्यायला विमा कंपन्या बांधील आहेत. पॉलिसी एकदा उघडून बघा. आणि नागपूरला तर सबबच नाही. आपल्याकडचं मनोरुग्णालय १८६४ सालचं आहे! त्याच्या नावाने आपण एकमेकांना चिडवतो, पण गरज पडल्यावर मानसोपचार विभागाची पायरी चढायला आपल्याला दीड वर्ष लागतं. मेडिकलमध्ये, मेयोत, एम्समध्ये सगळीकडे तो विभाग आहे.

आता थोडं कामाचं, जे आम्ही चुका करत शिकलो. हात दाखव, पाय दाखव अशी झडती घेऊ नका. 'आईची शपथ घे, पुन्हा करणार नाही' असं वदवून घेऊ नका. शपथ मोडली की लपवणं वाढतं, थांबत काही नाही. जखम असेल तर न रागावता मलमपट्टी. वजनावर, अंगावर, ताटावर टिप्पणी बंद, कौतुकाचीसुद्धा. जमेल तितक्या वेळा सोबत जेवा आणि जेवताना दुसऱ्या कशाबद्दलही बोला. फिजिशियनला दाखवणं टाळू नका, कारण उपासमार आणि उलट्यांनी शरीरातले क्षार बिघडतात आणि ते थेट हृदयावर येतं. चक्कर, छातीत धडधड असेल तर सोमवारची वाट पाहू नका. आणि 'मरावंसं वाटतं का?' हे सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. माझ्या तोंडून हा प्रश्न निघायला तीन आठवडे लागले होते. ती म्हणाली, "नाही. पण विचारलंस ते बरं केलंस."

आता कशी आहे? बरी आहे. पूर्ण नाही. मध्ये दोनदा घसरली, पुन्हा उभी राहिली. आठवड्याला थेरपी सुरू आहे. जेवते. भातही खाते, वरणाबरोबर, हळूहळू. आणि गंमत म्हणजे डॉक्टर म्हणाले होते तसं, पोट भरल्यावर जो उरला तो स्वभाव आम्हाला आता कुठे दिसतोय. चिडचिड बरीच गेली. घुमेपणा गेला. ती विनोद करते, हे मला माहीतच नव्हतं! हट्ट मात्र आहे. परिपूर्णतेचं वेडही आहे. तेच आता डॉक्टरांबरोबर बसून, खरा बग कोणता आणि फीचर कोणतं असं निवडणं चाललंय.

हा लेख टाकण्याआधी तिला वाचायला दिला. एका तासात परत आला. शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढलेल्या, लाल रंगात, क्रमांक टाकून. खाली लिहिलं होतं, 'मजकूर ठीक. मॉड्यूलचं उदाहरण लांबलंय, पण राहू दे.'

राहू दे म्हणाली, मंडळी! दीड वर्षापूर्वी अख्खं पान फाडलं असतं.

चु.भू.द्या.घ्या.

ता.क. मी डॉक्टर नाही, हे वेगळं सांगायला नको. तुम्ही किंवा घरातलं कोणी या अवस्थेत असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास आणि मराठीतही बोलता येतं. नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. न लागो, पण असू द्या.